टाके सगळे घातले तरी जाळी दिसतेय? उसवायच्या आधी काम पालथं करा

हळदीकुंकवाला यंदा वाण हातानं केलेलं द्यायचं असं एकदा डोक्यात आलं की प्लास्टिक कॅनव्हास, म्हणजे चौकोनी भोकांची प्लास्टिकची जाळी, आणि लोकर हा उद्योग सगळ्यात सोपा वाटतो, आणि सोपा आहेच तो, फ्रेम लागत नाही, कापड ताणायला लागत नाही, मशीन लागत नाही, बोथट सुईनं चौकोनी भोकांतनं लोकर खाली-वर करायची की चहाचे कोस्टर, किल्ल्यांचं किचेन, पोथीत ठेवायची खूण, अंगठ्या-कानातली ठेवायचा छोटा डबा असलं सगळं निघतं. पण पहिला कोस्टर पुरा झाला की तक्रार ठरलेली. भरलंय तर सगळं, तरी मधनं पांढरी जाळी दिसतेय. मग दुसरा करतात, त्यातही दिसते. रंग बदलून तिसरा, तिथंही तेच. शेवटी सगळा राग लोकरीवर निघतो, "दुकानदारानं हलकी लोकर दिली बघा ताई," आणि नवे महागडे गुंडे आणायला परत कोल्हापूरच्या महाद्वार रोडच्या बाजारात फेरी.

लोकर बारीक असते कधीकधी, नाही असं नाही, त्याचं खाली सांगतेच. पण वहिनी, आधी तो कोस्टर पालथा करा बघू. समोरनं फक्त जाळी दिसतेय एवढंच कळतं, कशामुळं दिसतेय ते पाठीवर सरळ वाचता येतं, आणि नवीन शिकणारं माणूस पाठ बघतच नाही कारण तिथला गुंता बघायची त्याला स्वतःलाच लाज वाटते. शाळेत भरतकामाच्या बाई रुमाल हातात घेतला की पहिला उलटा करायच्या ते आपल्याला नावं ठेवायला नाही, चूक तिथं सापडते म्हणून.

पाठीवर काय दिसतंय?

आधी दोन शब्द ठरवून घेऊ म्हणजे घोळ नको. कॅनव्हासमध्ये उभ्या-आडव्या बारीक प्लास्टिकच्या असतात त्या काड्या, मधली ती भोकं, आणि दोन काड्या एकमेकींना छेदतात तो सांधा. साधा तिरका टाका म्हणजे खालच्या डाव्या भोकातनं सुई वर काढायची आणि वरच्या उजव्या भोकात खाली घालायची, एक सांधा झाकला. आता गंमत अशी की हाच टाका दोन रीतीनं घालता येतो, समोरनं दोन्ही सेम टू सेम, फरक सगळा मागं.

पाठीवर छोटे छोटे उभे टाके दिसत असतील, एकेका आडव्या काडीवर बसलेले आणि मधे मोकळी जाळी, तर तुम्ही अर्धी फुली घालताय. डावीकडनं उजवीकडं जाताना हात आपोआप हीच घालतो, टाका संपला की सरळ खालच्या भोकातनं वर, सुईला जवळचा रस्ता. लोकर कमी लागते, पण झाकणंही कमी. आणि पाठीवर लांब तिरके पट्टे असतील, दोन उभ्या काड्या ओलांडून जाणारे, एकमेकांना टेकलेले, म्हणजे पुढच्यापेक्षा मागची बाजूच जास्त भरलेली वाटते, तर तो कॉन्टिनेंटल टाका. हा उजवीकडनं डावीकडं घालतात: खालच्या डाव्या भोकातनं वर, वरच्या उजव्या भोकात खाली, आणि पुढचा टाका डावीकडं, म्हणजे मघाशी जिथनं वर आलो त्याच्या डाव्या शेजारच्या भोकातनं वर. मागनं लोकर लांबचा फेरा घेते, त्यामुळं जास्त संपते आणि ते बघून जीव हळहळतो, पण मागची ती लोकरच भोकं आतनं भरते आणि पुढच्या टाक्याला वर उचलून धरते. रोज हाताळायच्या वस्तूला, कोस्टरला किचेनला, हाच घाला असं माझं स्पष्ट मत आहे, लोकर वाचवायची तर दुसरीकडं वाचवा.

आता सगळ्यात जास्त दिसणारी पाठ सांगते. एक ओळ लांब तिरकी, त्याखालची आखूड उभी, परत एक तिरकी, परत एक उभी. समोरनं असल्या कोस्टरवर पट्टे दिसतात, एक ओळ गुबगुबीत एक ओळ चपटी, आणि जाळी नेमकी चपट्या ओळीतनं डोकावते. करणारीला वाटतं लोकरच कुठं जाड कुठं बारीक आलीय. लोकर बरोबर आहे हो. जाताना उजवीकडनं डावीकडं कॉन्टिनेंटल घातला आणि परत येताना कॅनव्हासची शीट तशीच हातात धरून डावीकडनं उजवीकडं आलात, ती ओळ अर्ध्या फुलीची झाली. युट्यूबवर शिकवणारे बहुतेक पहिली ओळ नीट दाखवतात आणि मग "अशीच पुढं करत जायचं" म्हणून मोकळे होतात, परत कसं यायचं तिथंच खरी मेख आहे.

यावर दोन उपाय. एक, ओळ संपली की शीट पालथी न करता पूर्ण उलटी फिरवायची, वरची कड खाली आणि खालची वर, आणि परत उजवीकडनं डावीकडंच यायचं. टाक्याचा झुकाव बदलत नाही, फिरवून बघा पाहिजे तर. दोन, शीट फिरवायचा कंटाळा असेल तर परतीच्या ओळीत टाका वरनं सुरू करायचा, वरच्या उजव्या भोकातनं वर आणि खालच्या डाव्या भोकात खाली, मग पुढच्या टाक्याच्या वरच्या उजव्या भोकातनं परत वर. पाठीवर लांब तिरका पट्टा पडला की बरोबर चाललंय. मला पहिला उपाय बरा वाटतो कारण हाताला एकच चाल लक्षात ठेवायला लागते, पण ज्यांना टीव्ही बघत बघत करायचंय त्यांना दुसरा सोपा पडतो म्हणे.

डावखुऱ्यांनी हे सगळं मुळापासनं उलटं घ्यायचं, खालच्या डाव्या कोपऱ्यातनं सुरू करून डावीकडनं उजवीकडं, टाका वरच्या उजव्या भोकातनं वर खालच्या डाव्यात खाली. उजव्या हाताचं चित्र असेल तर ते कागदाची वरची कड खाली धरून बघा, बरोबर जमतं.

शीट फिरवताना एक सांभाळा, पाव फेरीच फिरवू नका. आडवी शीट उभी धरली आणि तसंच काम चालू ठेवलं की टाके दुसऱ्या बाजूला झुकतात, आणि मधेच एक तुकडा वेगळ्याच चमकेचा दिसतो, रंग तोच असून. सुरुवातीलाच वरच्या कडेला मधोमध लोकरीचा एक वेगळ्या रंगाचा तुकडा बांधून ठेवा, तो एक तर वर असला पाहिजे नाहीतर खाली, बाजूला कधीच नाही.

बरं, पाठ ठीक आहे, तरी जाळी दिसतेय

मग बघा लोकर. पण डोळ्यानं नाही, मापानं. शीटवर फूटपट्टी ठेवून एका इंचात किती भोकं येतात ते मोजा. नेहमी मिळते ती ७ भोकांची. १० ची बारीक, १४ ची अजून बारीक, ५ ची मोठी. आपल्याकडं बऱ्याचदा शीटवर काही लिहिलेलंच नसतं, दुकानात विचारलं तर "एकच साईझ येते ताई", म्हणून मोजायचंच. ७ च्या शीटला अमेरिकेतल्या नमुन्यांत वर्स्टेड म्हणजे मध्यम जाडीची लोकर सांगितलेली असते, १० ला त्याहून पातळ, डीके नावाच्या जाडीची, आणि १४ ला लोकर नाहीच, सहा पदरी भरतकामाचा दोरा.

आणि इथं सगळे फसतात ते प्लायवर, म्हणजे लोकरीच्या पदरांच्या आकड्यावर. अमेरिकन नमुन्यात वर्स्टेडच्या पुढं ४ प्लाय लिहिलेलं असतं, आपण दुकानात जाऊन ४ प्लाय मागतो, दुकानदार प्रामाणिकपणे ४ प्लाय देतो, आणि ती बरीच बारीक निघते, कारण ब्रिटिश हिशोबात ४ प्लाय म्हणजे मोजे विणायची पातळ लोकर. प्लाय सोडून द्या. पेन्सिलीवर लोकर गुंडाळा, न ताणता, वेढे एकमेकांना टेकवून, आणि एका इंचात किती वेढे बसले ते मोजा. ९ च्या आसपास आले तर ७ च्या शीटला ती लोकर चालते. ११-१२ आले तर ती १० च्या शीटची. १४ किंवा जास्त आले, बेबी वूलचं असं होतं, तर ती एकेरी वापरून जाळी झाकणार नाही, कंपनी कुठलीही असो नि भाव कितीही असो.

पण म्हणून गुंडा फेकायचा नाही. दोन पदर एकत्र ओवा. मात्र एकच लांब धागा नेढ्यातनं दुमडून घेऊ नका, दोन वेगळे तुकडे शेजारी शेजारी ओवा आणि प्रत्येक टाका बसवताना अंगठ्यानं दोन्ही पदर चपटे शेजारी बसवा, एकावर एक चढले की परत बारीकच दिसणार. दोन रंगांचे दोन पदर घेतले तर छान मिश्र रंग मिळतो हा वरचा फायदा, शिल्लक राहिलेली सगळी लोकर अशी संपवता येते.

क्रोशाचा कॉटन दोरा घरात पडलेला असतो तो वापरू का असं विचारतात. वापरा, पण तो फुलत नाही, नेहमीची ॲक्रिलिकची लोकर फुलून भोक भरते, कॉटन आहे तेवढंच राहतं, त्यामुळं त्याच जाडीचा घेतला तरी जाळी जास्त दिसते. आणि नमुन्यात उभे लांब टाके असतील, खालच्या भोकातनं सरळ वरच्या भोकात, तर तिथं उभ्या काड्या टाक्यांच्या मधनं दिसणारच, टाका काडीला समांतर जातो, तो तिला झाकणार कसा. असल्या नमुन्याला जास्त जाड लोकर नाहीतर दुहेरी पदर, किंवा सरळ तिरके टाके.

हात

लोकर मापात, पाठ नीट, तरी जाळी? मग कोस्टर खिडकीच्या उजेडासमोर धरा. भोकाभोकातनं उजेड येत असेल तर टाके घट्ट ओढलेले आहेत. आपल्याकडं साडीला फॉल-पिको केलेला, दसुतीवर भरलेला हात असतो, कापडावर टाका ओढला की कापड थोडं येतं बरोबर, आणि टाका नीट बसला असं बोटांना कळतं. प्लास्टिक तसूभर हलत नाही. तुम्ही ओढत राहता, लोकर ताणून सुतळीसारखी होते आणि काडीच्या बुडाला जाऊन बसते. लोकर काडीला टेकली की थांबायचं. पुढचा टाका घालताना मागचा थोडा फुगीर दिसला पाहिजे. पहिल्या दोन ओळी मुद्दाम सैल घाला, सैल म्हणजे लोंबणाऱ्या नव्हे हं, मग हाताला अंदाज येतो.

सुईचंही बघून घ्या. टोकदार सुई लोकरीचे पदर फोडत जाते, फुटलेला टाका बारीक दिसतो. ७ च्या शीटला १६ नंबरची टॅपेस्ट्री सुई, नाहीतर दुकानात सरळ स्वेटर शिवायची बोथट सुई मागा, नेढं मोठं आणि टोक गोल. लोकर ओवताना तोंडात घालून ओली करू नका, पदर फिसकटतात. सुईभोवती लोकर दुमडून चिमटीत घट्ट धरा, सुई काढून घ्या आणि ती दुमड नेढ्यात सारा, एका झटक्यात जाते.

लांबी हातभर. खरोखरचा हात, कोपरापासनं बोटाच्या टोकापर्यंत, साधारण ४५ सेंटिमीटर. परत परत ओवायला नको म्हणून वावभर लोकर घेतात आणि मग शेवटचे टाके पहिल्यांपेक्षा निम्मे जाड, कारण तेवढ्या वेळा प्लास्टिकवरनं घासून ती झडलेली असते. कोस्टरच्या एका कोपऱ्यात जाळी दिसतेय आणि बाकी ठीक आहे असं असेल तर बहुतेक वेळा हेच. शिवाय टाके घालताना लोकरीचा पीळ सुटत नाहीतर वाढत जातो, दोन्हीत रूप बिघडतं, मधे मधे सुई खाली लोंबकळू द्या, आपोआप गिरक्या घेऊन पीळ जाग्यावर येतो.

अजून एक सवय, जमेल तिथं रिकाम्या भोकातनं वर या आणि भरलेल्या भोकात खाली जा. वर येताना सुई आधीच्या टाक्याचे पदर ओढून आणते, खाली जाताना दाबून नेते. वरनं खाली ओळी घालताना जाताना हे सहज जमतं, शीट फिरवून परत येताना उलटं होतं, तिथं इलाज नाही, सुई सावकाश काढायची आणि आधीच्या टाक्यात घुसत नाही एवढं बघायचं.

गाठ मारू नका. सुरुवातीला इंचभर लोकर मागं बोटानं धरून ठेवा, पहिले पाच-सहा टाके तिच्यावरनंच जाऊ देत. शेवटी सुई मागच्या टाक्यांखालनं इंचभर सरकवून कापा. गाठ मागनं दिसते आणि कोस्टर टेबलावर डुगडुगतो, शिवाय पहिल्या धुण्यात सुटते. आणि गडद लोकरीचं शेपूट फिक्या रंगामागनं नेऊ नका, पांढऱ्यातनं लाल डोकावतं. तीन-चार भोकांपेक्षा लांब उडी असेल तर धागा संपवून नव्यानं सुरू करा.

काठाला पांढरं दिसतंय

हा वेगळा रोग, आणि इथं घाई नडते. बरेचजण आतलं भरून झाल्यावर शीट कापतात, किंवा कापताना जिथं कात्री जाईल तिथं. आधी कापा, मग भरा. २८ भोकांचा चौकोन पाहिजे तर २८ भोकं मोजायची आणि २९ व्या भोकाच्या मधनं कापायचं, म्हणजे कडेची काडी अखंड राहते. मग बाहेर राहिलेली कुसळं काडीलगत साफ उडवायची, याला नेलकटर कात्रीपेक्षा भारी. ही कुसळं राहिली की काठ गुंडाळताना लोकर अडकते, फुटते, आणि पुऱ्या झालेल्या कामातनंही बाहेर येऊन बोटाला टोचतात, वाण घेणारी बाई तोंडावर काही बोलणार नाही पण घरी जाऊन बोलेल.

काठ गुंडाळताना सुई कायम एकाच बाजूनं घालायची, मागनं पुढं तर मागनं पुढं. सरळ कडेला एका भोकात एक टाका, लोकर पातळ असेल तर दोन. बाहेरच्या कोपऱ्याच्या भोकात तीन टाके, पंख्यासारखे पसरून, तिथं दोनावर भागवलं की प्लास्टिकचं टोक हमखास उघडं पडतं. आतल्या कोपऱ्याला एक पुरे. कडेला लोकर भरपूर जाते, म्हणून काठाचा रंग आधीच बाजूला काढून ठेवा आणि गुंडे एकाच लॉटचे, म्हणजे एकदम रंगवलेले घ्या, लेबलवर लॉट नंबर असतो, दुसऱ्या लॉटचा तोच मरून शेजारी ठेवला की वेगळा दिसतो.

नाव नीट वाचता येत नाही

किचेनवर आई, श्री, नाहीतर पोराचं नाव घालायचं असतं आणि इथं तिरका टाका दगा देतो. टाका ज्या दिशेला झुकतो त्या दिशेची तिरकी रेघ सलग दिसते, आणि उलट्या दिशेची तिरकी रेघ ठिपके ठिपके पडून तुटक. त्यामुळं र ची एक बाजू छान आणि शेपूट गायब, श चं तर विचारू नका. शिरोरेघही तिरक्या टाक्यांनी घातली की दाते पडल्यासारखी दिसते. इंग्रजी अक्षरांचे तयार तक्ते भरपूर मिळतात, त्यात हा त्रास कमी, म्हणून लोक कंटाळून इंग्रजीतच नाव घालतात. तसं नका करू. अक्षरं पूर्ण फुलीनं भरा, फुलीला दोन्ही तिरप्या असतात त्यामुळं कुठलीच रेघ तुटत नाही, आणि बाजूची जागा कॉन्टिनेंटलनं. शिरोरेघ सगळं भरून झाल्यावर वरनं बॅकस्टिचनं, म्हणजे उलट्या टीपेनं, दोन-दोन भोकांचे टाके घेत. आधी चौकटीच्या वहीत अक्षर काढून बघा, उंची निदान ९ चौकोन तरी ठेवा, वेलांटी आणि उकार असेल तर जास्तच, खाली-वर जागा सोडून.

आणि चौकोनांवरनं आठवलं. दसुतीचा तक्ता असेल तर त्यात एक चौकोन म्हणजे एक फुली. कॅनव्हासवर एक फुली बसायला दोन भोकं लागतात, पण शेजारच्या फुल्या भोकं वाटून घेतात, म्हणून २७ चौकोनांच्या चित्राला २८ भोकं. २८ भोकं म्हणजे ७ च्या शीटवर बरोबर ४ इंच, चहाच्या कपाला पुरेसा कोस्टर. उलट प्लास्टिक कॅनव्हासच्या तक्त्यात बहुतेक वेळा रेघा म्हणजे काड्या असतात आणि टाका रेघांच्या छेदावरनं तिरका काढलेला असतो. दोन्ही तक्ते सारखेच समजून मोजलं की एक घर कमी पडतं, आणि कोस्टरमध्ये ते कळतही नाही, डब्यात कळतं.

डब्याच्या चार भिंती आणि तळ जोडताना शेवटच्या कोपऱ्यात एका बाजूला एक भोक उरतं ते यामुळंच. मग ओढून ताणून जोडतात आणि डबा पिळवटतो. पाचही तुकडे एकदम कापा, एकावर एक ठेवून उजेडासमोर धरा, भोकावर भोक येतंय का बघा, मगच पहिला टाका. मोठ्या तुकड्यावर दर १० भोकांना वेगळ्या रंगाचा धावदोरा घालून ठेवा, ७ ची पूर्ण शीट साधारण ७० बाय ९० भोकांची असते, ती डोळ्यानं मोजायला गेलं की मधे फोन वाजतोच. झाकण डब्यावर बसवायचं असेल तर ते दोन भोकं मोठं, लोकरीची जाडी दोन्हीकडनं जागा खाते.

वाकडं झालं, डाग पडला

कोस्टर वाटीसारखा वाकतो तो घट्ट हातामुळं, किंवा शीट दुकानातनं गुंडाळून रबर लावून आणली आणि स्कूटीच्या डिकीत उन्हात राहिली म्हणून. इस्त्री अजिबात नको, प्लास्टिक तर वितळेलच, ॲक्रिलिकही चपटं होऊन कायमचं मरतं. न भरलेली शीट असेल तर गरम पाण्यात, उकळत्या नाही, मिनिटभर बुडवून सपाट ठेवा आणि वर जाड पुस्तकं. भरलेलं काम असेल तर कोमट पाण्यातनं काढून टॉवेलात दाबा आणि वजनाखाली सुकवा. पावसाळ्यात आपल्याकडं दोन दिवस ओलं राहतं, पंख्याखाली ठेवा नाहीतर कुबट वास धरतं.

शीटवर पेननं, स्केचपेननं खुणा करू नका, फिकी लोकर तो रंग उचलते आणि धुतल्यावर तर सगळा पसरतो. खूण लोकरीच्या तुकड्यानं. मागं फेल्ट, म्हणजे नमद्यासारखं दाबलेलं कापड, लावणार असाल तर ग्लू गन जपून, जास्त तापलेली असेल तर काड्या मऊ होतात, मला तर टाके घालून शिवलेलंच फेल्ट टिकाऊ वाटतं. आणि वाण देताना सांगून द्या, चहाचा कप ठीक, गॅसवरनं उतरवलेलं पातेलं याच्यावर ठेवायचं नाही.

आता जे करून ठेवलंय त्याचं काय

हळदीकुंकू परवावर आलंय, अर्ध्या फुलीचे डझनभर कोस्टर तयार आहेत आणि सगळ्यांत जाळी दिसतेय, तर उसवू नका. पाठ अर्ध्या फुलीची असेल तर मागं जागा शिल्लक असते, त्याच टाक्यांवर उलट्या दिशेनं दुसरा तिरका टाका घाला, पूर्ण फुली होते आणि जाळी झाकते. पातळ लोकर असेल तर हे फार छान दिसतं, दुसरा टाका दुसऱ्या रंगाचा घेतला तर मुद्दाम केल्यासारखं. कॉन्टिनेंटलवर हे करू नका, आधीच भरलेल्या भोकांत सुई जात नाही आणि कोस्टर फुगतो. तिथं फक्त जिथं दिसतंय तिथं त्याच रंगाचा एक पातळ पदर त्याच भोकांतनं फिरवा. पारदर्शक शीट असेल आणि लोकर गडद, तर मागं त्याच रंगाचं फेल्ट लावलं तरी अर्धं काम होतं, उजेड मागनं येत नाही म्हणून भोकं डोळ्यात भरत नाहीत. पुढच्या वेळी गडद रंगाला काळी शीट मिळाली तर तीच घ्या.

उसवायचंच असेल तर पाठीमागनं, एका वेळी दोन-तीन टाके, छोट्या टोकदार कात्रीनं लोकर कापून चिमट्यानं ओढा. घाईत काडी तुटली तर शीट गेली असं समजू नका, तुटल्या जागेच्या मागं दोन-तीन भोकं जास्त होईल एवढा तुकडा ठेवा, भोकावर भोक जुळवा आणि दोन्हीतनं एकत्र टाके घाला, समोरनं कुणाला कळत नाही. उसवलेली लोकर मात्र परत समोरच्या बाजूला घेऊ नका, ती वाकडी आणि झडलेली असते, दर १० भोकांच्या खुणांना आणि वरची कड ओळखायला बांधायच्या तुकड्याला ती चालते.